भट्टी बिघडते तेव्हा

मराठीत भट्टी बिघडते ती बहुधा भाषेतच. कथा जमून आली की समीक्षक 'भट्टी छान जमली आहे' असे लिहितात, आणि तीन अंकी नाटक दुसऱ्या अंकात कोसळले की 'भट्टी बिघडली' म्हणून मोकळे होतात. लोहाराची, चुन्याची, विटांची, चुरमुऱ्यांची अशा खऱ्या भट्ट्या मध्यमवर्गीय वस्तीपासून दूर गेल्या. वाक्प्रचार तेवढा घरात राहिला. मराठी शिकविणाऱ्या आम्हा दोघांनी तो वर्गात शेकडो वेळा वापरला असेल. पण भट्टी खरोखर बिघडते म्हणजे काय होते, ती दुरुस्त करायला किती पैसे पडतात आणि ते पैसे नेमके कशाचे असतात, याचा विचार करण्याची वेळ आमच्यावर आली ती अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, २०१९ च्या जानेवारीत.

आमच्यापैकी एकीची मावशी मिनिॲपोलिसच्या एका उपनगरात राहते. १९६५ च्या कायद्याने आशियाई माणसांना अमेरिकेचे दार उघडले, त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिकडे गेलेल्या पिढीतली ती. काका २०१३ साली गेले. मुलगा कॅलिफोर्नियात. मावशीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली तेव्हा आम्ही साठवलेली अर्जित रजा काढली आणि हिवाळाभर तिच्याकडे राहायला गेलो. एवढ्या मोठ्या घरात ती एकटी कशी राहते, हा प्रश्न मुलगा दर रविवारी फोनवर विचारी आणि मावशी दर रविवारी तो टाळी. त्या घराच्या तळघरात कपाटाएवढी एक पत्र्याची पेटी आहे. तिकडची मराठी मंडळी तिला 'फर्नेस' म्हणतात. मावशी मात्र 'भट्टी' म्हणे. पुण्यातल्या बंबाची ती थोरली बहीण आहे, असेही म्हणे.

आपल्याकडे ऊब ही जागेवर असते. चूल, शेगडी, बंब, शेकोटी. माणूस उठून उबेपाशी जातो, हात शेकतो आणि परत येतो. उत्तर अमेरिकेतील घरात ऊब माणसाकडे येते. तळघरातील भट्टी गॅस जाळते, पंखा गरम हवा पत्र्याच्या नळ्यांतून खोल्याखोल्यांत ढकलतो, आणि ऑक्टोबर ते एप्रिल ही पेटी दिवसातून कितीतरी वेळा आपोआप पेटते व विझते. चालू असताना तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ती थांबली की केवळ माणसे कुडकुडत नाहीत. भिंतींमधल्या नळांतील पाणी गोठते, गोठताना प्रसरण पावते आणि नळ फुटतो. भट्टीच्या दुरुस्तीपेक्षा फुटलेल्या नळाची, भिजलेल्या भिंतीची आणि जमिनीची दुरुस्ती कितीतरी महाग पडते. घरमालकाच्या मनातील भीती या हिशेबातून येते, आणि दुरुस्तीच्या किमतीत ती भीती पहिल्यापासून मिसळलेली असते.

या पेटीच्या इतिहासात आम्हाला रमायला आवडले, कारण त्यात अनपेक्षित माणसे भेटली. १८९५ च्या सुमारास आयोवा राज्यातील मार्शलटाउन येथे डेव्ह लेनॉक्स यांनी पोलादी पत्र्याची कोळशाची भट्टी बाजारात आणली. १९१९ साली न्यू जर्सीतील ॲलिस पार्कर या कृष्णवर्णीय स्त्रीने गॅसवर चालणाऱ्या गृहतापन यंत्रणेचे पेटंट मिळविले. आणि भट्टीला हुकूम देणाऱ्या थर्मोस्टॅटच्या पूर्वजांपैकी एक तर आमच्याच व्यवसायातला निघाला. विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक विद्यालयात वॉरेन जॉन्सन नावाचे प्राध्यापक शिकवीत. तळघरातील भट्टी सांभाळणारा माणूस तापमान पाहायला वारंवार वर्गात येई आणि तासाचा रसभंग होई. त्या त्रासातून त्यांनी खोलीचे तापमान तळघरात कळविणारे विजेचे उपकरण तयार केले आणि १८८३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. वर्गात शिपाई नोटीस घेऊन आल्यावर आम्ही केवळ चरफडतो. या गृहस्थांनी यंत्र काढले.

भट्टीचे काम समजून घेण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. कथानक सांगता येणाऱ्या कोणालाही ते कळेल, कारण त्यात कार्यकारणभावाची साखळी अत्यंत कडक आहे. थर्मोस्टॅट ऊब मागतो. प्रथम इंड्यूसर नावाची लहान मोटर फिरू लागते आणि आतील हवा बाहेर खेचते. पुरेशी ओढ निर्माण झाली की प्रेशर स्विच मिटतो. धूर बाहेर जाण्याचा मार्ग मोकळा आहे, याची ती ग्वाही. मग इग्नायटर तापून नारिंगी होतो. त्यानंतर गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते. फ्लेम सेन्सर नावाची एक बारीक कांडी त्या ज्योतीत उभी असते. काही सेकंदांत तिने 'ज्योत आहे' अशी साक्ष दिली नाही तर गॅस बंद होतो. साक्ष मिळाली तर हीट एक्सचेंजर तापतो. हा सगळ्यांत महत्त्वाचा भाग. याच्या आतून विषारी वायू जातात आणि बाहेरून घरातील हवा जाते, आणि दोघांची कधीही भेट होऊ नये एवढेच त्याचे काम. शेवटी, अर्ध्याएक मिनिटाने, मोठा पंखा सुरू होतो. आधीची घटना घडल्याशिवाय पुढची घडत नाही. त्यामुळे कथा कोठे थांबली हे ऐकणाऱ्याला दोष कोठे आहे, याचा निम्मा पत्ता लागतो. मोटर फिरते पण काहीच तापत नाही? तापते पण पेटत नाही? पेटते आणि चार सेकंदांत विझते? ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची तीन वेगळी बिले आहेत.

जानेवारीतील त्या संध्याकाळी बाहेर उणे १४ अंश सेल्सियस होते. घर थंड होत असल्याचे मावशीला प्रथम कळले. आम्ही तळघरात गेलो. पेटीवर, पत्र्याच्या नळीवर, काळ्या पेनाने काकांच्या हस्ताक्षरात तारखा होत्या: ऑक्टोबर २००२, बसवली, त्याखाली फिल्टर बदलल्याच्या नोंदी, वर्षामागून वर्षे. जानेवारी २०१३ ची नोंद शेवटची. त्यानंतर अक्षर बदलते. आकडे देवनागरी होतात. मावशी सुरू होते. पेटीच्या खिडकीत एक लाल दिवा लुकलुकत होता. दाराच्या आतील बाजूस छापलेल्या तक्त्यावरून समजले की लुकलुकण्याची संख्या म्हणजे दोषाचा क्रमांक. तीन आखूड आणि एक लांब. वृत्ते शिकविताना मात्रा मोजण्याची सवय असलेल्या माणसांना हे वाचायला वेळ लागला नाही: न गण आणि पुढे एक गुरू. तक्ता म्हणत होता, प्रेशर स्विच मिटलेला नाही.

मावशीने जाहिरातीतल्या एका कंपनीला फोन केला. तासाभरात तरुण तंत्रज्ञ आला. अतिशय अदबशीर. त्याने वीस मिनिटे पाहिले आणि सांगितले की इंड्यूसर मोटर मरणपंथाला लागली आहे, बदलायला ८६० डॉलर; पण ते पैसे वाया जातील, कारण हीट एक्सचेंजरला तडा गेला आहे. त्याने गॅस बंद केला, पेटीवर लाल चिठ्ठी बांधली आणि टॅबवर एक करार उघडला. नवी भट्टी, बसवण्यासह ५,९०० डॉलर. आज सही केल्यास ५०० डॉलर सूट. 'तडा दाखवता का?' असे आम्ही विचारले. त्याने टॅबवरचे एक छायाचित्र दाखविले. ते याच भट्टीचे होते की नाही, हे छायाचित्रावरून ठरविता येत नव्हते. कॅलिफोर्नियाहून मुलगा फोनवर होता. 'आई, घेऊन टाक आणि उन्हाळ्यात घर विकायला काढू,' तो म्हणाला. त्याच्या आवाजात काळजी होती, त्यात खोटे काही नव्हते. मावशी गुडघ्यावर शेक घेत बसली होती. ती एवढेच म्हणाली, 'मला नवी भट्टी नको असं नाही रे. मला ती घाईत नको.'

आमच्या मते घरमालकाने भट्टीच्या दुरुस्तीविषयी जे जाणून घ्यायला हवे, ते सगळे या एका वाक्यात आहे. दुरुस्तीची किंमत सुट्या भागाने जेवढी ठरते, तेवढीच, किंबहुना अधिक, ती ग्राहकाला किती तास थांबता येईल यावरून ठरते. जो थांबू शकत नाही तो वाचू शकत नाही, आणि जो वाचू शकत नाही त्याला सांगितलेली किंमत द्यावी लागते.

आता ती किंमत नेमकी कशाची असते ते पाहू. आज, साधारणपणे, तंत्रज्ञाने दारात येऊन दोष शोधण्याचे शुल्क १०० ते २०० डॉलर असते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी त्याहून अधिक. फ्लेम सेन्सर घासून स्वच्छ करण्याचे सुमारे १०० ते २५०. इग्नायटर किंवा प्रेशर स्विच बदलण्याचे २०० ते ४००. कंट्रोल बोर्ड ४०० ते ९००. इंड्यूसर मोटर ५०० ते १,२००, मोठ्या पंख्याची मोटर ५०० ते १,५०० आणि वेग बदलणाऱ्या जातीची असल्यास त्याहूनही जास्त. हीट एक्सचेंजर १,५०० ते ३,५००. नवी भट्टी ४,५०० पासून १०,००० पर्यंत. शहर, ऋतू आणि यंत्राची जात यांनुसार हे आकडे खालीवर होतात. त्यांचा उपयोग भाव ठरविण्यापेक्षा भाव ऐकून दचकावे की नाही, हे ठरविण्यापुरता आहे.

यातील इग्नायटर दुकानात अनेकदा ५० डॉलरच्या आत मिळतो. मग ३०० कशाचे? प्रथम हा फरक आम्हालाही लुटीसारखा वाटला. पण आम्ही दोघांनी अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकविले आहे. प्रत्यक्ष वर्गात उभे राहिलेल्या तासाचेच पैसे मिळत. त्या तासासाठी केलेले वाचन, एसटीचा प्रवास, तपासलेल्या वह्या, सुट्टीतले महिने यांची किंमत कोणी धरीत नसे. तंत्रज्ञाच्या बिलात नेमके तेच धरलेले असते: गाडी, विमा, प्रशिक्षण, रिकामा गेलेला एप्रिल, आणि दहा मिनिटांत दोष ओळखता यावा म्हणून घातलेली दहा वर्षे. ज्ञानाचा मोबदला असा रोख मागण्याचा त्याचा हक्क आम्ही नाकारणार नाही. उलट आमच्या व्यवसायाने त्याच्याकडून तो शिकावा. आक्षेप आहे तो निराळ्या गोष्टीला. अनेक कंपन्यांत कामाची किंमत वेळेवर नव्हे, तर ठरलेल्या दरपुस्तकावर असते, आणि तंत्रज्ञाला विक्रीवर टक्केवारी मिळते. विक्री करणाऱ्या माणसाला तेथे 'कम्फर्ट ॲडव्हायझर' असे नाव असते. नावातच व्याजोक्ती आहे. दोष शोधणारा आणि नवे यंत्र विकणारा एकच असेल, तर निदानाकडे संहितेकडे पाहावे तसे पाहावे लागते: हे विधान कोणी केले, कोणाच्या हिताचे आहे, आणि पुरावा कोठे आहे?

त्या रात्री आम्ही सही केली नाही. मावशीने पाहणीचे ८९ डॉलर दिले, निदान लेखी मागितले आणि तंत्रज्ञाला निरोप दिला. लाल चिठ्ठी आम्ही काढली नाही आणि गॅसही सुरू केला नाही. हे येथे ठासून सांगायला हवे, कारण हीट एक्सचेंजरला खरोखर तडा गेला असेल तर कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याकडे बंद न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेली माणसे परत न आल्याच्या बातम्या आपण वाचतो, मारेकरी तोच. मिनेसोटात झोपण्याच्या प्रत्येक खोलीपासून दहा फुटांच्या आत त्याची सूचना देणारी घंटा असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती वाजली तर वाद, दर, दुसरे मत हे सारे बाजूला ठेवून घराबाहेर पडावे आणि ९११ ला फोन करावा. आणि भट्टी बंद पडली म्हणून गॅसची ओव्हन उघडी ठेवणे किंवा कोळशाची शेगडी घरात आणणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

ती रात्र विजेच्या दोन हीटरांवर काढली. ते भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावावे, एक्स्टेन्शनच्या वायरीवर लावू नयेत; पडद्यापासून आणि पांघरुणापासून तीन फूट दूर ठेवावे. सगळ्या खोल्या गरम ठेवण्याचा प्रयत्न सोडून आम्ही तिघे एकाच खोलीत आलो. बाहेरच्या भिंतीलगतच्या नळांतून पाण्याची बारीक धार सोडली आणि ओट्याखालची कपाटे उघडी ठेवली, म्हणजे खोलीतली थोडीफार ऊब नळापर्यंत पोचेल. सकाळी दिवाणखान्यात १२ अंश होते आणि मावशीच्या खोलीत १७. एवढ्याने एक दिवस विकत मिळाला. दोन हीटरांची किंमत शंभर डॉलरच्या आत होती. ५,९०० डॉलरच्या कराराशी घासाघीस करण्याचे याहून स्वस्त साधन आम्हाला ठाऊक नाही.

त्या दिवसात आम्ही दोन कामे केली. पहिले, काकांचे कागद काढले. भट्टीच्या हमीपत्रात हीट एक्सचेंजरवर मूळ मालकाला वीस वर्षांची हमी होती. म्हणजे २०२२ पर्यंत. तडा खरा असता तरी तो भाग कंपनीने फुकट द्यायचा होता आणि मावशीला केवळ मजुरी पडली असती. आदल्या रात्री हमीचा विषयच निघाला नव्हता. आजच्या भट्ट्यांवर बहुधा सुट्या भागांची दहा वर्षांची हमी असते, पण बसवल्यानंतर ठरावीक मुदतीत नोंदणी केली नाही तर ती अनेकदा पाच वर्षांवर येते. मजुरी सहसा तीत नसते. दुसरे काम, तो न केलेला करार वाचला. घरी येऊन केलेल्या विक्रीसाठी अमेरिकेत केंद्रीय नियम आहे: तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहक करार रद्द करू शकतो. दुरुस्तीसाठी आपणच बोलावले असेल तर ती दुरुस्ती या नियमात बसत नाही, पण त्या भेटीत वर जे काही विकले जाते ते बसते. मात्र तातडीची गरज आहे असे लिहून देऊन ग्राहकाने हा हक्क सोडला तर तो जातो. म्हणजे 'तातडी' हा शब्द आपल्याच सहीने आपल्या विरुद्ध वापरला जाऊ शकतो. तळटीपा वाचण्याची सवय विद्यार्थ्यांना का लावावी, याचे यापेक्षा सोपे समर्थन आम्हाला आजवर सुचलेले नाही.

संध्याकाळी दुसरा तंत्रज्ञ आला. साठीचा, अबोल. शेजारच्या बाईंनी त्याचे नाव सुचविले होते. आधीचे निदान आम्ही त्याला मुद्दाम सांगितले नाही. कोड, आवाज आणि क्रम एवढेच सांगितले. लाल चिठ्ठी पाहून तो हसला नाही, की रागावलाही नाही. त्याने प्रथम बाहेर जाऊन भिंतीतून निघणारे प्लास्टिकचे नळ पाहिले. एकाच्या तोंडाशी बर्फ साचला होता. मग आतील पाण्याचा निचरा करणारी बारीक नळी सोडवली. तिच्यात शेवाळासारखा गाळ होता. नव्वद टक्क्यांहून अधिक कार्यक्षमतेच्या भट्टीत धूर इतका थंड होतो की त्यातल्या वाफेचे पाणी होते. ते तुंबले की मोटरला पुरेशी ओढ निर्माण करता येत नाही आणि प्रेशर स्विच मिटत नाही. मोटर ठीक होती. मग त्याने नळीसारखा कॅमेरा आत घालून हीट एक्सचेंजर पडद्यावर दाखविला, भट्टी पेटवली आणि धुरातला व घरात येणाऱ्या हवेतला कार्बन मोनॉक्साइड मोजला. घरातल्या हवेत शून्य. पाहणीचे ९५ आणि सफाईचे १३५ मिळून २३० डॉलर. जाताना तो मावशीला म्हणाला की भट्टी म्हातारी आहे, अजून दोनतीन हिवाळे काढेल. पण पुढची भट्टी तुम्ही निवडा, तिला तुमची रात्र निवडू देऊ नका.

दोन आठवड्यांनी, ३० जानेवारीला, मिनिॲपोलिसमध्ये पारा उणे २८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे उणे ३३ सेल्सियसवर गेला. टपाल वाटप बंद होते. खालून मोटर फिरल्याचा, मग 'फुस्स' असा ज्योत धरल्याचा, मग पंख्याचा आवाज येई आणि आम्ही तिघे मनात पुढचे पद आधीच म्हणत असू.

पहिला तंत्रज्ञ लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. आम्हाला त्याच्या मनातले कळायला मार्ग नव्हता. तडा जाणे ही खरी घटना आहे, सोळा वर्षांच्या भट्टीत ती संभवतेही. भट्ट्यांचे आयुष्य साधारण पंधरा ते वीस वर्षे असते. दुरुस्ती की बदल, यासाठी तिकडे एक ठोकताळा सांगतात: भट्टीचे वय गुणिले दुरुस्तीचा खर्च, उत्तर ५,००० च्या वर गेले तर नवी घ्यावी. इंड्यूसरचे ८६० गुणिले १६ म्हणजे १३,७६०; घ्या नवी. २३० गुणिले १६ म्हणजे ३,६८०, राहू द्या. सूत्र तेच, भट्टी तीच. निदान बदलले की निर्णय बदलतो. म्हणून ठोकताळ्याच्या आधी निदान, आणि निदानाच्या आधी थोडा वेळ.

हा वेळ सप्टेंबरमध्ये स्वस्त असतो आणि जानेवारीत महाग. फोन करण्यापूर्वी पाच गोष्टी घरच्या घरी पाहता येतात: थर्मोस्टॅटची बॅटरी, विजेचा ब्रेकर, भट्टीशेजारचे दिव्याच्या बटणासारखे बटण, पेटीचे दार नीट बसले आहे का, आणि फिल्टर. तुंबलेल्या फिल्टरने हवा अडते, भट्टी जास्त तापते आणि सुरक्षेसाठी स्वतःच बंद होते. दहावीस डॉलरच्या वस्तूसाठी दीडशेची भेट पडते. बर्फ पडल्यावर बाहेरच्या नळांची तोंडे मोकळी करावीत. वर्षातून एकदा, शरद ऋतूत, सफाई करून घ्यावी. जुना भाग परत मागावा. ज्यांना बिल परवडत नाही अशा कुटुंबांसाठी इंधनखर्चाला हातभार लावणारी एक केंद्रीय योजना १९८१ पासून आहे, आणि काही राज्यांत तिच्यातून बंद भट्टीची दुरुस्तीही होते. काटकसरी नव्या भट्टीवर मिळणारी केंद्रीय करसवलत मात्र २०२५ च्या अखेरीस संपली. अजूनही कोणी विक्रेता तिचे आमिष दाखवीत असेल तर त्याच्या बाकीच्या वाक्यांकडेही जरा निरखून पाहावे.

मावशीने भट्टी बदलली ती २०२१ च्या सप्टेंबरात. घर विकले नाही. आम्ही तेव्हा इकडे ऑनलाइन तास घेत होतो आणि ती आम्हाला फोनवर तीन कंपन्यांचे कागद वाचून दाखवीत होती: ५,३००, ६,१५० आणि ८,४००. तिने मधला निवडला. का, असे विचारल्यावर म्हणाली, 'अगं, बाकीच्या दोघांनी जुन्या भट्टीवरचा आकडा पाहून तेवढीच मोठी सांगितली. याने खिडक्या मोजल्या, माळ्यावर जाऊन पाहिलं, आणि म्हणाला की तुम्हाला एवढी मोठी लागतच नाही. शिवाय नगरपालिकेचा परवाना आणि तपासणी त्याने कागदावर धरली आहे.' गरजेपेक्षा मोठी भट्टी घाईघाईने पेटते व विझते, त्यात तिचे भाग लवकर झिजतात. घराची गरज मोजून भट्टीचा आकार ठरविणे हे चांगल्या कारागिराचे लक्षण, हे तिला एव्हाना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक झाले होते. मुलगा त्या दिवशी मुद्दाम कॅलिफोर्नियाहून आला होता. त्याने तळघरात उभे राहून सगळे पाहिले आणि घराचा विषय काढला नाही.

जुनी पेटी नेण्यापूर्वी मावशीने काकांच्या तारखा असलेला पत्र्याचा तेवढा तुकडा कापून मागितला. कारागिराने तो दिला, कडा घासून, हाताला लागू नये अशा. नव्या पेटीवर तिने स्वतः काळ्या पेनाने लिहिले: सप्टेंबर २०२१, बसवली. खाली फिल्टरचे माप, १६ बाय २५ बाय ४. त्याखाली त्या अबोल तंत्रज्ञाचा फोन नंबर. बाकी सगळी जागा तिने रिकामी ठेवली आहे.